धामणीचा दांडा

रविवार, १२ जानेवारी

बाबा,

तुम्ही गेल्यावर पहिलं वर्षभर मी या वहीत तुम्हाला काहीबाही लिहीत असे. मग ते बंद झालं. पंधरा वर्षं एक ओळ नाही, याची आधी माफी मागतो. कामाचं कारण सांगता येईल, पण ते खरं नाही. लिहायला बसलो की एकच दिवस समोर यायचा, आणि नेमका तोच मला लिहायचा नव्हता. आज जेवण झाल्यावर मागच्या पडवीत वही घेऊन बसलो आहे, कारण गुरुवारी जे झालं त्यानंतर गप्प बसणं जमेना.

मी हल्ली काय करतो ते तुम्हाला ठाऊक नाही. इन्सुलीचा नाका ओलांडून गोव्यात गेलं की एका हॉटेलचं गोल्फचं मैदान लागतं. तिथलं गवत मी सांभाळतो. शेतीची पदवी घेतली आणि गवत कापत बसला, असं आपल्या आचऱ्यात लोक हसून म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. सोमवारी पहाटे निघतो, शनिवारी घरी येतो. आपण वाढवलेल्या गवतावर खेळणाऱ्याला काय हवं असतं हे कळावं म्हणून चाळिशीनंतर मी स्वतःच खेळायला लागलो. माझ्या नोकरीला दहा वर्षं झाली म्हणून मालकांनी मला एक ड्रायव्हर द्यायचं ठरवलं. ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधली सगळ्यांत लांब काठी, पहिला दूरचा फटका मारायची. मला वाटलं, खोक्यातून काढून हातात देतील, फोटो निघेल, झालं. पण ती काठी ज्याची त्याच्या मापाने बांधतात, आणि ते माप घ्यायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या.

बाई असतील पस्तिशीच्या. बोलणं पुण्याचं, पण खारेपाटण आपलं आजोळ असं त्यांनी आल्याआल्याच सांगितलं. त्यांनी माझी जुनी काठी मागून घेतली आणि माझ्याकडे न बघता बराच वेळ तिची मूठ न्याहाळली. रबर कुठे झिजलंय, कुठे अजून नवं आहे, ते बोटाने चाचपलं. मी उभाच होतो. मला तुमची सुतारकामाची खोप आठवली. कुदळीला, फावड्याला दांडा करून घ्यायला कुणी आलं की तुम्ही आधी जुना दांडा मागायचात. माणसाकडे नाही, लाकडाला हाताने जिथे चकाकी आली असेल तिथे बघायचात. मग म्हणायचात, जरा केळीच्या बुंध्याशी चार घाव घालून ये. तो माणूस खणायला जायचा आणि तुम्ही विडी विझवून त्याच्या पाठीकडे बघत बसायचात.

बाईंनी माझं मनगट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजलं, पंजा मोजला. काठीच्या डोक्यावर पांढरी पूड फवारली आणि मारायला सांगितलं. मागे एक डबा ठेवला होता. बॉल किती वेगाने निघाला, किती वर चढला, स्वतःभोवती किती फिरला, सगळं पडद्यावर उमटत होतं. मी बारा बॉल मारले. दर फटक्यानंतर त्या आधी पुडीवरचा ठसा बघायच्या, मग पडदा. बाराही ठसे जवळजवळ एकाच जागी, पण मधोमध एकही नाही. सगळे बाहेरच्या टोकाकडे. मी म्हणालो, सराव कमी पडतो. त्या नाही म्हणाल्या. सराव कमी असता तर ठसे विखुरले असते. मग अगदी सहज त्यांनी विचारलं, "डावा कोपर कधी मोडला होता?"

मी म्हणालो, कधीच नाही. बाबा, मी खरंच असं म्हणालो. त्यांनी मला दोन्ही हात समोर ताणून धरायला लावले. उजवा सरळ झाला. डावा थोडासा वाकलेलाच राहिला. तेव्हा कुठे आठवलं ते काजूचं झाड, माझं नववं वर्ष, शेजारच्या गावातल्या हाडवैद्याकडे मला पाठुंगळी घेऊन केलेली तुमची पायपीट, आणि वाटेत मी रडू नये म्हणून दिसेल त्या झाडाचं नाव तुम्ही मला विचारत होतात ते. इतकी वर्षं रोज त्या हाताला साबण लावतो, पण तो पुरता उघडत नाही हे मला माहीत नव्हतं. आणि मला तासाभरापूर्वी भेटलेल्या बाईने ते पुडीच्या ठशावरून ओळखलं होतं. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. देवळात मूर्तीकडे बघावं तसं बघितलं असणार, कारण त्या जरा संकोचल्या.

त्या म्हणाल्या, दांडा दीड इंच आखूड करू. माझ्या तोंडून निघून गेलं, "आखूड दिसेल." तेव्हा पुण्याचं बोलणं बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "दिसूंदे. तुमी एकदा धरून बघा."

त्यांनी जवळचा तेवढाच आखूड दांडा काठीच्या डोक्याला लावून दिला. धरून बघितलं. मारलं. आवाजच निराळा आला, सुक्या नारळावर नेमका घाव बसावा तसा. पुडीवर ठसा मधोमध. बॉल वर गेला, वर जातच राहिला, मागचं आभाळ आणि तो वेगळे करता येईनात. बघायला जमलेल्या हॉटेलच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून उभा होतो. त्यांना वाटलं, नम्रता.

आता तो दिवस लिहितो. मी चोवीस वर्षांचा, रोपवाटिकेतली पहिली नोकरी, दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं. तुम्ही माझ्यासाठी कुदळीला दांडा केला होतात. धामणीच्या लाकडाचा, कारण धामण वाकते आणि परत येते. गुडघ्यावर दाबून ते तुम्ही मला कितीदा दाखवलं होतं. खोपीत दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी तो दांडा उचलून भिंतीला टेकलेल्या दुसऱ्या दांड्याशेजारी उभा केला. चार बोटं आखूड. वर एका बाजूने जरा चपटा. मी म्हणालो, "बाबा, डोळे गेले आता तुमचे. हा कोणाला देऊ नका, हसतील." त्या दोघांतला एक खरंच हसला. तुम्ही हातातली पटाशी खाली ठेवली आणि म्हणालात, "एकदा धरून तरी बघ रे." मी धरला नाही. मालवणच्या बाजारातून तयार दांडा आणला.

आठवड्याने एक बाई जुनं फावडं घेऊन आली, तिला तुम्ही सांगितलंत, "बाजारात तयार मिळता गो. थंयसून घे." त्यानंतर तुम्ही सहा वर्षं होतात. पाट केलेत, चौरंग केलेत, शेजाऱ्यांच्या खिडक्या दुरुस्त केल्यात. माणसाच्या हाताच्या मापाचं काही केलं नाहीत. माझ्या एका वाक्याने तुमचं काम थांबलं असं मानणं हाही माझा मोठेपणाच असेल. डोळे खरोखर अधू झाले होते, गिऱ्हाईक कमी होत होतं. हे सगळं मी स्वतःला नीट समजावलेलं आहे, आणि ते पटलेलं नाही.

काल घरी आलो. तो दांडा कुठे आहे हे मला माहीत होतं. कित्येक वर्षं आई तो या मागच्या दाराला आडसर म्हणून लावते. मी तो काढला, टेपने मोजला. आकडे लिहीत नाही. गोल्फच्या काठीशी ते जुळवायचा मोह होतो आणि ते जुळत नाहीत, दोन्ही कामं वेगळी. मग अंगणात जाऊन कुदळ मारताना धरतात तसा धरला. चपटी बाजू डाव्या तळव्याखाली आली. कोपर जिथे थांबतो तिथे तो थांबला आणि लाकूड बरोबर तिथून पुढे गेलं. कुठे ओढ नाही, ताण नाही. बाईंकडे डबा होता, पडदा होता. तुमच्याकडे काय होतं?

आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, तो दांडा करायच्या आधी दोन सकाळी तुम्ही मला विहिरीवर पाणी काढताना बघत बसला होतात. मी म्हणालो, मग त्या दिवशी सांगितलं का नाही त्यांनी? आईने सुपातून मान वर केली. "चार माणसांत झिलाचो हात वाकडो म्हणान कसा सांगतलो?"

मी त्या दोघांसमोर तुमच्या डोळ्यांचं उणं काढलं, आणि त्याच दोघांसमोर तुम्ही माझा हात झाकलात. बावीस वर्षं मला ते कळलं नाही.

मी दांडा घेऊन तसाच उभा, तर आई म्हणते, "मगे दाराक काय लावू? तुझी ती गोल्फाची काठी?"

एक राहिलं. बाजारच्या दांड्याने माझा कोपर पहिल्याच आठवड्यात दुखायला लागला होता. का दुखतो ते कळलं नव्हतं, पण तो दांडा आपल्याला बरा नाही एवढं नक्की कळलं होतं, आणि तुमचा घरात होता. बोलून बसलो होतो म्हणून मागितला नाही. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, आणि ही पानंही वहीतच राहतील.

उद्या: सुट्टी टाकून मागच्या दाराला दुसरा आडसर करणे.