झेंडा होता तसा ठेवावा

बायान लेपास, पेनांग

प्रिय अझलिना,

आईने हे पत्र तुझ्या हातात दिलं असेल आणि तू लगेच विचारलं असशील, कुणी आणलं? ते शेवटी सांगते. मधली पानं सोडून तिथे उडी मारू नकोस, मला तुझी सवय ठाऊक आहे. तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून तसेच ठेवतेस, म्हणून या वयात मला कागद-पेन घेऊन बसावं लागलं. तुझ्या आईशी मात्र माझं बोलणं होतं. परवा म्हणाल्या, "पोरगी नीट बोलत नाही गं. सकाळपासून नुसतं खोबरं भाजत बसते. गिऱ्हाइकाने दोनदा मागितलं तर एकदा देते." तेव्हा ते खोबरं खाली उतरव आणि मागच्या पायरीवर जाऊन बस. टपरीवरचा निळा भात थोडा वेळ आई वाढतील.

इकडचं सगळं तसंच आहे. तुझ्या टेबलावरचा एसी अजून गळतो. चुआसाहेबांनी त्याखाली बादली ठेवली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की दुरुस्तीवाला उद्या येणार आहे. तुझी जागा त्यांनी भरलेली नाही. दोन मुलं विचारायला आली होती, त्यांना त्या बादलीकडे बोट दाखवून परत पाठवलं. कॅन्टीनच्या मावशी रोज एकदा तरी म्हणतात, "आमची केलांतानवाली कधी येणार? तिच्याशिवाय माझ्या सांबल चटणीला कुणी नावं ठेवत नाही, मला करमत नाही." मलाही करमत नाही, अझलिना. हे सरळच लिहून टाकते.

आणि ते बाळ. तू विचारणार नाहीस, पण तुला पहिल्यांदा तेच जाणून घ्यायचंय, म्हणून लिहिते. मी जाऊन पाहून आले. गुटगुटीत झालंय. त्या दिवशी हॉस्पिटलात आपला औषधाचा पंप गपचूप थांबला, भोंगाही वाजला नाही, तेव्हा ज्या नर्सच्या लक्षात आलं, त्या नोरहायातींना भेटायला त्याची आई त्याला मुद्दाम घेऊन आली होती. त्याने त्यांच्या पेनाचं टोपण चावून चावून वाकडं केलं. दात येतायत. नोरहायाती म्हणाल्या, "तुमच्या त्या मुलीला सांगा, औषध वेळेत दिलं गेलं, बाळाला काही झालं नाही. तिने एवढं मनाला लावून घेऊ नये." तू मनाला लावून घेणार हे मला माहीत आहे, तरी निरोप पोचवला.

आपल्या मजल्यावरची ती रीत तुझ्या आईला बहुधा माहीत नसेल, त्यांना वाचून दाखव. ज्याच्या हातून काम मोडलं, त्याने दुसऱ्या दिवशी खाऊचा डबा आणायचा आणि मधल्या टेबलावर ठेवायचा. कुणी ओरडायचं नाही, कुणी माफी मागायची नाही. सगळ्यांनी खायचं, पोटभर चेष्टा करायची, आणि विषय संपला. आपल्याला काम शिकवणाऱ्या सेल्वा अंकलनी ती रीत पाडली आणि आपण सगळे तिच्यात वाढलो. माझ्या अननसाच्या टार्टांनी अर्ध्या मजल्याच्या पँटी घट्ट झाल्या, हे तुझंच वाक्य. पण त्या बुधवारी तू ओंडे-ओंडेचा, त्या गूळ भरलेल्या गोळ्यांचा, डबा ठेवलास, पिशवी उचललीस आणि कुणाशी न बोलता निघून गेलीस. चूक माझी, असं त्या डब्याने सांगितलं. त्याला कुणी हात लावला नाही. संध्याकाळी मावशींनी तो उचलला, धुतला आणि तुझ्या टेबलावर पालथा घालून ठेवला. अजून तिथेच आहे.

आता कामाचं सांगते, आणि तेही आईंना कळेल अशा भाषेत, कारण आपल्या मुलीने नक्की काय केलं हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. आई, पंपाच्या पोटात जो प्रोसेसर असतो, त्याच्यापाशी छोटे छोटे झेंडे असतात. खरे नव्हेत, पण प्रत्येक झेंडा वर आहे की खाली, यावरून तो कसा वागायचं ते ठरवतो. त्यातला एक झेंडा हाकांचा. तो वर असला तर कुणीही मध्येच हाक मारावी, घड्याळाने, बटणाने, भोंग्याने, प्रोसेसर हातातलं काम टाकून ओ देतो. नाजूक काम असलं की आपण तो झेंडा खाली करतो, म्हणजे कुणाची हाक आत येत नाही. काम झालं की परत पूर्वीसारखा. सगळी मेख या ‘पूर्वीसारखा’मध्ये आहे. आपण आलो तेव्हाच जर तो खाली असेल, तर जाताना तो वर करायचा नाही. कारण आपल्या आधी कुणीतरी तो त्याच्या कामासाठी खाली केलेला असतो आणि त्याचं काम अजून चालू असतं.

सेल्वा अंकल हे पहिल्याच दिवशी शिकवायचे, आठवतं? "कुणाच्या घरी दुपारी गेलात आणि कडी लावलेली होती, तर निघताना कडी लावा. उघडी होती, तर उघडी ठेवा. आत कोण झोपलंय, तुम्हाला काय ठाऊक?" आणि नुसतं बोलायचे नाहीत. माझं पेन घेतलं तर ज्या तिरक्या कोनात होतं त्याच कोनात परत ठेवायचे. तू एकदा त्यांची गंमत करायला ते पेन सरकवून ठेवलंस, तर म्हणाले, "केलांतानच्या लोकांना कोन कळत नाहीत, रस्त्यांवरून दिसतंच." तू आठवडाभर त्यांना चहा दिला नाहीस.

पंपाच्या प्रोग्रॅममधला तुझा तो भाग, औषध किती गेलं याची नोंद करणारा, आम्ही सगळ्यांनी पुन्हा पुन्हा वाचला. चुआसाहेबांनी वाचला, मी वाचला, बाहेरून बोलावलेल्या माणसाने वाचला. झेंडे कसे आहेत ते तू आधी पाहून ठेवलंस, मग हाकांचा झेंडा खाली केलास, नोंद केलीस, आणि शेवटी जसा सापडला तसा ठेवलास. शाळेत दाखवावं इतकं नीट. तरी पंप थांबला होता, आणि तुझ्या बदलानंतरच थांबला होता. म्हणून सगळे तिथेच घुटमळत राहिले. चुआसाहेब एकदा म्हणालेही, "आता पुरे लान, दुसरं काही असतं तर सापडलं असतं." मला त्यांचा राग आला आणि मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला बसले.

मग एके दुपारी जेवून आल्यावर मी वेगळं काही करून पाहिलं. वाचणं सोडलं आणि तुझ्या कामाच्या प्रत्येक पायरीवर प्रोसेसरलाच विचारायला लावलं, झेंडा आत्ता कसा आहे? खाली, खाली, खाली, आणि मध्येच वर. तुझं काम अर्धं असताना वर! मी मॉनिटरवर अक्षरशः थाप मारली. त्या जागी तू काहीच करत नव्हतीस, फक्त वेळ विचारत होतीस. वेळ सांगणारा प्रोग्रॅमचा तो इवलासा जुना तुकडा, जो आपण सगळे डोळे मिटून वापरतो. तो आत शिरताना झेंडा खाली करतो आणि निघताना सरळ वर करून टाकतो. आधी कसा होता हे बघतच नाही. इतकी वर्षं निभावलं, कारण झेंडा खाली असताना त्याला कुणी वेळ विचारलीच नव्हती. तशी विचारणारी तू पहिली. त्याने कडी उघडून टाकली, घड्याळाची हाक आत आली, तिने अर्धवट लिहिलेला आकडा वाचला आणि डोस संपला असं समजून पंप थांबवला. आणि डोस संपला म्हटल्यावर भोंगा कशाला वाजेल?

तो तुकडा आमच्यापैकी कुणी उघडून पाहिला नव्हता. का, ते तुला नाव ऐकल्यावर कळेल. त्याच्या डोक्यावर लिहिलं आहे, सेल्वाराजा. आपले सेल्वा अंकल.

मी तशीच एअर इतामला त्यांच्या घरी गेले. कसं सांगावं कळत नव्हतं. निवृत्त झाल्यापासून त्यांचे हात फार थरथरतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. मी लॅपटॉप उघडून समोर ठेवला. त्यांनी चश्मा पुसला, ओळीवर बोट ठेवलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "हे कुठल्या गाढवाने लिहिलंय?" म्हणाले. मग पानाच्या वरच्या टोकाला गेले, नाव दिसलं. त्यावर बोट टेकवलं. "ढब माझीच आहे," म्हणाले. मी समजूत काढायला लागले की अंकल, ते फार जुनं आहे, तेव्हा तशी गरजच नव्हती. तर माझ्यावरच खेकसले, "गरज नव्हती म्हणून कडी उघडी टाकायची? मी तुम्हाला हेच शिकवलं?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "पोरीला कळवलंस?" फोन उचलत नाही म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना तसं मी त्यांच्या बायकोच्या अंत्यविधीनंतर प्रथमच पाहिलं.

शुक्रवारी ते ऑफिसात आले आणि सगळ्यांसमोर, चुआसाहेबांसमोर, चूक कुणाची ते स्वतः उभं राहून सांगितलं. हॉस्पिटललाही त्यांच्या नावानिशी कळवलंय. सगळे पंप परत मागवून कोठारात कुलपात ठेवलेत, त्यामुळे ती ओळ अजून तशीच आहे. मी बदलायला निघाले होते, त्यांनी थांबवलं. म्हणाले, "माझ्या हाताला आता कीबोर्डच्या कळा सापडत नाहीत. जिने माझी चूक अंगावर घेतली, तिने ती ओळ दुरुस्त करावी. तिला वाटलं तर." त्या दिवशी त्यांनी डबा आणला नव्हता. एकानेही विचारलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

डबा का आणला नाही ते आता सांगते, आणि हे पत्र का लिहिलं तेही. त्यांचं म्हणणं, डबा मधल्या टेबलावर ठेवून भागणार नाही, तो ज्या पोरीने उगाच भरला तिच्या हातात गेला पाहिजे. दोन दिवस खपून त्यांनी स्वतः चकलीसारखे मुरुक्कू तळले. सोऱ्या त्या हातांना पेलत नाही, त्यामुळे वेटोळी भलतीच वेडीवाकडी झाली आहेत. कढई नवी घेतली, तेल नवं घेतलं, हलालची शंका नको, हे आईंना आवर्जून सांगायला लावलंय. मी पोस्टाने पाठवते म्हटलं तर ऐकेनात, सकाळच्या बसने डोंगर ओलांडून केलांतानला स्वतः निघाले. "मी समोरासमोर सांगतो," म्हणतात, पण मला ठाऊक आहे, दारात तुला पाहिलं की त्यांच्या तोंडून शब्द फुटणार नाही. म्हणून सगळं मी लिहून दिलं, आणि त्यांना बजावलं की पत्र आईंच्या हातात द्या, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा, ती बाहेर येईपर्यंत हलू नका. तेव्हा ऊठ, अझलिना. बाकावर मांडीवर डबा धरून म्हातारा बसलाय, दुपारचं जेवलेलाही नसेल. डबा घे, एक मुरुक्कू तिथेच मोडून खा, आणि त्याच्या वेटोळ्यांची मनसोक्त चेष्टा कर. नुसतं ‘असू दे अंकल’ म्हणू नकोस, त्याने त्यांचं समाधान होणार नाही. आपल्याकडे चूक कशी मिटते ते तुला ठाऊक आहे, आणि ती मिटवणं आज तुझ्या एकटीच्या हातात आहे.

वाट बघणारी,
तुझीच,
सिऊ लान