एक फेज गेला तरी

प्रिय नामाकाका,

अकरा वर्षांनी माझं पत्र बघून दचकू नकोस. आधी बातमी, नाहीतर पोटात राहायची नाही: माझी पवनचक्की टिकली! परवा साताऱ्याकडच्या पठारावर चाचणी झाली. मुद्दाम एका फेजचा व्होल्टेज पाडला, तरी जनरेटर ग्रिडला चिकटून राहिला रे! मी सगळ्या साहेबांसमोर टुणकन उडी मारली. काल शेलारला घरी आले, पण पाय अजून जमिनीवर न्हायत.

माझं काम तुला दोन मिनिटांत कळेल, शिकलेल्यांना दोन तास लागतात. बाबांच्या कारखान्यात लूमच्या, म्हणजे मागाच्या, मोटरचा विजेच्या तीनपैकी एक फेज गेला की कशी घरघरायची ती! तू तिच्यावर तळहात ठेवून म्हणायचास, "पोरी, हिला कोन तरी उलटी फिरवतंय." कॉलेजात सरांनी तेच फळाभर गणितात लिहिलं, आणि मी वर्गात एकटीच हसले. तोच उलटा जोर चक्कीच्या जनरेटरलाही सेकंदाला शंभर हिसके देतो. घाबरून बंद पडली तर ती वाचते, पण सगळ्याच चक्क्या एकदम बंद पडल्या तर अख्ख्या भागाची लाईट जाईल. म्हणून बंदही पडायचं नाही आणि जळायचंही नाही.

दोनदा तोंडावर आपटले. चक्की सांभाळणाऱ्या माझ्या प्रोग्रॅमला उलटा जोर उशिरा कळायचा, तोवर चक्की ट्रिप होऊन बंद! साहेब म्हणाले, आता एकच संधी, मग काम दुसऱ्या टीमला. शेवटी मी सरळ आणि उलटा जोर वेगवेगळे मोजायला लावले आणि उलट्याला तेवढ्यापुरता विरोधी करंट दिला. हिसके असे निवले म्हणून सांगू! साहेबांनी विचारलं, हे सुचलं कुठून? म्हटलं, आमच्याकडे नामाकाका फिटर होते. 'होते' म्हटलं आणि तिथेच ठरवलं, तुला पत्र लिहायचं.

काका, जिचा ठपका तुझ्यावर आला ती मोटर मी जाळली. बारावीत होते. तू बाजारात बेरिंग आणायला गेलेलास, फेज बिघडला की मोटर बंद करणारा तो रिले सारखा ट्रिप होत होता, आणि मला शहाणपण सुचलं. वायरचा तुकडा लावून मी रिले बायपास केला. लूम सुरू झाला म्हणून नाचले मेली! मग फेज गेला, धूर झाला, आणि मी तो तुकडा काढून लपवला. बाबा तुझ्यावर ओरडले. तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "चुकी माजीच हाय." त्यानंतर तू कारखान्यात परत आला नाहीस. काल बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण जेवलेही नाहीत. आज सकाळी आपणहून म्हणाले, मलाही नामाशी बोलायचंय. रविवारी आम्ही दोघं खारबावला येतोय. तू दार लावून घेतलंस तरी अंगणात बसून राहू.

तुझीच गुन्हेगार,
उन्नती