शेपटीवरचा नंबर

सुपा, ८ फेब्रुवारी १९९५

आज लेक सुनंदा लढाऊ विमान जोडायचं प्लॅस्टिकचं छोटं किट घेऊन आली. "आबा, एअरफोर्समधी तुमी हेच दुरुस्त करायचा ना? बघा, नीट हाय का."

मी ऐटीत चुका काढत बसलो. पत्रे जोडणारे रिव्हेट लई जाड, चाकं गुळगुळीत, शेपटी मात्र झकास. मग शेपटीवर लावायचा स्टिकर उलगडला. तोच नंबर! लढाईत मी तपासून सोडलेल्या, परत न आलेल्या विमानाचा. त्या सकाळी मी तपासणीच्या कागदावर सही करताना पायलटसाहेबानं विचारलं होतं, "सब ठीक?" माझ्याकडून काही राहिलं होतं का? कुणी कधी सांगितलंच नाही. खोका झाकला तरी तो नंबर दिसतोय.

"आबा, हाय ना नीट?"

"एकदम ओके," मी म्हणालो.

त्या सकाळीही हेच म्हणालो होतो.