खसाच्या बाटलीतलं हिरवं पाणी

चि. मल्हार, सोलापूरच्या दवाखान्यातून आईचा हात तुझ्या पाठीवर.

गाडीच्या रेडिएटरात घालून उरलेलं हिरवं कूलंट तू खसाच्या सरबताच्या बाटलीत भरून माठाशेजारी ठेवलं होतंस. रविवारचा खंडोबाचा उपास सोडताना आप्पा तेच पेलाभर प्यायले. गोड लागलं म्हणे. मग झोकांड्या खायला लागले. शेजारची नागूबाई हसली, "चिमाबाई, मालक आज कुटं बसून आलं वो?" मी बाटली बघितली, त्यांना भाड्याच्या जीपमध्ये घातलं आणि हितं आणलं. डॉक्टरीणबाईंना ती बाटली दाखवली.

सकाळी आप्पा खडखडीत. त्यांना वाटलं, सरबत नासलं होतं. "मला काय झालंय? मेंढरं उपाशी हायती, घरी चल."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज्जी, बरे दिसतायत, त्याचीच भीती आहे. विष आता मूत्रपिंडावर उतरेल. त्याआधी डायलिसिस हवं."

आप्पा ऐकेनात. वहाणा घालून दारापर्यंत गेले, तेव्हा मी खरं सांगून टाकलं. ते उंबऱ्यावरच थांबले. मग म्हणाले, "पोराला बाटलीचं कळू द्यायचं न्हाय. भंडाऱ्याची आण घे, मग ऱ्हातो."

मी घेतली.

आता मशीन चालू आहे. लघवीची पिशवी अजून कोरडीच आहे, आणि तुझा फोन वाजतोय. आप्पांना पित्त झालंय, गाडी सावकाश चालवत ये, एवढंच सांगेन. हे पत्र माझ्यापाशीच राहील. त्यांनी आण घातली नसती, तरी लेकरा, मी हेच केलं असतं.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
आई