झेललेला पेला

ओल्डेनबुर्ग, १४ सप्टेंबर

प्रिय विबके,

मी बरा आहे, तूही बरी असशील. गुडघा कुरकुरतो, तू गेल्यापासून घरात कुरकुर करणारं तेवढंच उरलंय. ईस्टरला तू भरल्या ताटावरून उठून गेलीस, त्यानंतर आज लिहितोय. फोन केला असता, पण तू उचलला असतास तर काय बोलायचं हेच ठरेना.

तर, कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत आश्रय मागायला आलेल्यांची घरं उभी राहिली. उभी कसली, आली! ट्रकवरून लाकडी खोल्याच्या खोल्या, खिडक्यांसकट. क्रेनने एकावर एक ठेवल्या. मी रोज कुंपणाशी उभा राहून खोट काढायला टपलेलो. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस मी, सांध्यात नख घालून पाहिलं. नख शिरेना. फार राग आला.

शेवटी एक खोट सापडलीच. तिथली मुकादम स्वांट्ये, तिला म्हटलं, "छप्पर चढलं, पण हार बांधला नाही, सुताराने आशीर्वाद म्हटला नाही. असलं कसलं घर?"

"मिस्त्रीकाका, छप्पर कारखान्यातच चढलं. तिथे हार कुणाला बांधू, यंत्राला? एवढी हौस आहे तर तुम्हीच म्हणा की!"

आता माघार कशी घेणार? शनिवारी काळा सुतारी कोट चढवून परांचीवर चढलो, फर झाडाच्या फांद्यांचा हार बांधला. खाली अख्खी गल्ली. राहायला येणारी माणसंही होती. अजून शाळेच्या हॉलमध्येच खाटा टाकून राहतात बिचारी. 'इथे राहील त्याला सुख लाभो' ही ओळ आजवर किती छपरांवर म्हटली असेल, या वेळी मनापासून येईना. तरी म्हटली. रीतीप्रमाणे पेला रिकामा केला आणि खाली भिरकावला.

पेला फुटला नाही तर घर लाभत नाही, हे तुला ठाऊकच. पण गर्दीतून एक उंच माणूस धावला आणि त्याने तो चक्क झेलला! तेस्फालेम, एरिट्रियाचा. त्याला वाटलं, म्हाताऱ्याच्या हातून सुटला.

"पकडला, आजोबा! काही झालं नाही!"

"अपशकुन," शेजारची गेसीना पुटपुटली. स्वांट्येने त्याला रीत समजावली, तसा त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

मी खाली उतरलो. "फोड," म्हटलं. "तूच फोड. तुझंच घर आहे."

त्याने दगडावर असा आपटला की काचेचा भुगा झाला. टाळ्या पडल्या. मला मात्र रडू आवरेना. तुझंच घर! हे माझ्या तोंडून निघालं होतं.

विबके, सगळ्यांनी केली म्हणून मीही या घरांविरुद्धच्या अर्जावर सही केली, असं मी तुला सांगितलं. खोटं होतं ते. अर्ज मीच लिहिला. 'ही माणसं आपल्यातली नव्हेत', ज्या वाक्यावर तू उठलीस, ते माझं. सह्याही दारोदार फिरून मीच गोळा केल्या.

आता त्याच दारांवर जाऊन माझी चूक सांगतोय. गेसीनाने आधी दार लावलं, मग उघडून विचारलं, "त्यांच्याकडे पडदे आहेत का?" अजून बरीच दारं राहिलीत. सगळ्यात लांबचं तुझं, म्हणून हे पत्र.

एक तारखेला ती माणसं राहायला येतील. माफ कर म्हणायचं तोंड नाही मला. ये, एवढंच म्हणतो.

तो अर्ज लिहिणारा, आणि तरीही तुझाच,
बाबा