फुसकं निघालेलं काडतूस

नावन, आयर्लंड, शनिवार संध्याकाळ

गॅरेजमध्ये इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा मी, आज फोनसमोर ओरडत बसलो. धावत नेम साधायच्या पिस्तुलाच्या स्पर्धा आयर्लंडमध्ये चालत नाहीत, म्हणून आमची लेक परदेशात खेळायला गेलीय. झटका कमी बसावा म्हणून काडतुसं कमी दारूची, खास बनवून घेतलेली. लाइव्हवर धाड, धाड आणि मग... फुस्स. या काडतुसात दारू भरायचीच राहिली असणार! म्हणजे गोळी नळीतच अडकली. आता पुढची झाडली तर पिस्तूल हातात फुटणार.

"सई, थांब!"

"अहो, तिला ऐकू जातंय का?" बायको, नीलिमा, म्हणाली.

पंचांनी थांबवलं म्हणून वाचली. पण ते फुस्स कानातून जात नाही. पंचांचं लक्ष नसतं तर?

मग सईचाच फोन आला. "आय'म ग्रँड, बाबा. मी ठीक आहे."

"उरलेली काडतुसं टाकून दे."

"अँड शूट विथ व्हॉट टुमॉरो? माझ्या पिस्तुलाला हीच लागतात, बाबा."

हट्टीपणात कुणावर गेलीय, ते माहीत आहे. "जेवलीस का?" एवढंच विचारलं.