माळेमागची वायर

रविवार, संध्याकाळ. दसऱ्याला चार दिवस झाले.

खंडेनवमीला कम्प्युटर पुजला, तेव्हापासून लिनक्स उघडलं की स्क्रीन काळी. त्याच कम्प्युटरवरचं विंडोज मात्र बराबर चालू. मंग दोष लिनक्समधल्या, स्क्रीनवर चित्र आणणाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरचाच, असं मी धरून बसलो. तीन दिवस ड्रायव्हर काढला, टाकला. आज दुपारी चिडून अख्खं लिनक्सच पुसलं, पेरणीयंत्राच्या दोन वर्षांच्या ड्रॉइंगांसकट. नवं टाकलं. तरी काळीच!

शेवटी झेंडूची माळ काढून मागं बघितलं. स्क्रीनची वायर ग्राफिक्स कार्डात न्हाईच, शेजारच्या भलत्याच खाचेत! विंडोज त्या खाचेतूनबी चित्र दाखवतं, माझं लिनक्स फक्त कार्डातून.

आई म्हणाली, "पुजेआधी पुसताना मीच काढल्ती. लावली की परत."

वाळल्याशिवाय माळ काढू नको, असं तीच म्हणाल्ती. पण ड्रॉइंगांची दुसरी प्रत ठेवू नको, असं कधी म्हणाल्ती?